रंग लावून निजायचं नाही

समीक्षा, मी आता जे सांगते न, त्यातल्या एका शब्दावर विश्वास ठेवून दाखव. नाही ठेवता येत तुले. सत्तर वर्षं झाले मी या गावाले बनवून राहिली. तुझ्या सासऱ्याच्या जोड्यात बेडकी सोडली ती मीच. तुझ्या लग्नात नवरदेवाच्या फेट्याले मागून घुंगरू बांधलं ते पन मीच. मंग माझं खरं कोन मानते? नको मानू. बस इथं. माझ्यासंग हे मोहाच्या बियांचे टोरं फोड. हात चालू दे, कान मले दे.

भुताच्या गोष्टी रातच्या राहतात म्हनतात. ज्याले भेटलं नाही ते म्हनतात. माझ्यावाली दुपारची हाय.

आन आपन विहारात जानारे लोक, भूत-बित मानत नाही. माझा पोरगा अश्विन नागपूरहून फोनवर भाषनच देते, 'माय, असं काही बोलत नको जाऊ.' ठीक हाय बापा, नाही मानत आम्ही. पन त्या दुपारी हे भुताले कोनी सांगतलं नव्हतं.

तू ज्याले आबाजी म्हनते, तो पाह्यला काठी टेकनारा. माझा बुढा, शालीकराम, तवा पाहाले पाहिजे होता. दिवाळी झाली का गावोगाव मंडईची जत्रा, मंडईच्या राती नाटक, आन नाटकवाल्याइचे तोंडं रंगवनारा हा. चिचगडपासून तं कोहमाऱ्यापर्यंत लोक त्याले बोलवत. लोखंडी पेटी होती त्याची. सफेदा, पिवडी, लाली, काजळ. हातात जादू व! काल म्हशी चारनारा पोट्टा आज राजा, आन राजाची माय समोर बसून त्याले ओळखे नाही.

पन बुढ्याचा एक कायदा होता. रंग लावून निजायचं नाही. नाटक सकाऊनपर्यंत चाले. राजा असो का शिपाई, कोनाचे डोळे मिटले का हा सरळ पान्याचा गडवा तोंडावर मारे. मी पुसलं, "काऊन जी, गरिबाले झोपू द्या न."

तं म्हने, "झोपेत मानसाचा श्वास फिराले जाते. वापस येते तवा तोंड पाहून आत शिरते. तिथं राजाचं तोंड दिसलं, तं म्हनते हे घर माझं नोहे. आन चालला जाते."

आत्मा नाही म्हनत मी. अश्विन रागावते. श्वास म्हनते. श्वास तं सायन्समधी हाय न?

दोन हजार अकराची गोष्ट. बुढा मंडईचं नाटक करून सकाऊन आला, जेवला, पडला. मी बसली त्याच्या उशाशी, आन मले खोड आली. पेटीतलं काजळ घेतलं आन त्याले मिशी काढली. अर्धीच काढली, डाव्या अंगाले. म्हनलं, उठून आरशात पाहील तं शिव्या दील, मजा येईल.

दुपारी उठला. उठला म्हनजे... अर्धा उठला. डावा हात खाटेखाली लोंबून राहिला. तोंड डावीकडून खाली उतरलं, जसं ओल्या भिंतीचं पोपडं. माझी अर्धी मिशी त्याच्यासंग खाली उतरली.

डॉक्टर म्हने लकवा. बीपी वाढला होता आन यानं गोळ्या सोडल्या होत्या. खरंच सोडल्या होत्या, दोन महिने. मी पन लोकाइले तेच सांगते. मिशीचं आजवरी कोनाले नाही सांगतलं. दवाखान्यात न्यायच्या पहिले मी ती पदरानं पुसली. तू पहिली. अशी पाहू नको माझ्याकडे, टोरं फोड.

घरी आनला तं एक नवीनच तमाशा. झोप! सकाऊन चहा पेता पेता झोपे. घास तोंडात, आन मान खाली. दुधराम शेजारून भेटाले ये, गोष्टी सांगे, आन हा त्याच्यासमोर बसल्या बसल्या घोरे. दुधरामले राग ये. मी म्हनो, "भाऊ, तुमच्या गोष्टीच तशा हायेत." घोरनं तं असं, का छपराच्या कवेलूवरचे कबुतरं उडून जात. आन घोरता घोरता एकदम चूप... काहीच नाही. मंग 'घ्रर्र' करून असा श्वास ओढे जसा कोनी विहिरीतून वर आला.

मी त्याले गोंदियाले नेला. डॉक्टरले म्हनलं, "साहेब, आळशी तं हा पहिलेपासून होता, पन एवढा नोहे."

डॉक्टर हसले नाही. म्हनले, "माताजी, घोरता घोरता मधीच चूप होतात का?"

"होते न."

"सांस रुकती है इनकी. झोपले का गळा आतून बंद होतो, हवा जात नाही. मेंदू घाबरून त्यांना उठवतो. रातभर शंभर वेळा. झोप पुरी होत नाही, म्हणून दिवसा डुलक्या. लकवा झालेल्यांना हे बहुत होतं. ऐसे ही छोड दिया तो दुसरा झटका येऊ शकतो."

नागपूरले झोपेची तपासनी झाली, डोक्याले ताराच तारा लावून. नाकावर मास्क लावाची एक मशीन सांगतली, ती येयाले दीड महिना. तवरी उताना निजू द्याचा नाही, कुशीवरच निजवा म्हने.

दुसरा झटका. हे दोन शब्द मी एसटीतून घरी आनले. पहिला झटका माझ्या हाताचा होता, डॉक्टर काही म्हनो. दुसरा नव्हता येऊ द्याचा मले. बस. मी हसत होती, खेळत होती, पन आत तेवढंच चालू होतं.

मंग मी डोकं लावलं. त्याच्या बनियानले पाठीवर खिसा शिवला आन त्यात कवठ टाकलं. उताना झाला का कवठ रुते, मले शिवी दे आन कुशीवर होये. डॉक्टरले सांगतलं तं तो म्हने, "वा माताजी!" चवथी पास हाय मी, काही कमी नाही.

आन मी मोजायची. घोरनं थांबलं का अंगठा बोटाच्या पेरावर फिरवायची. एका हाताचे बारा पेर. सहाव्या-सातव्या पेराले त्याचा श्वास येऊन जाये. कधी बाराव्याले.

मोजता मोजता एक गोष्ट ध्यानात आली. घोरनं थांबलं का दाराचा परदा हाले. जुन्या लुगड्याचा परदा, वारा बिलकुल नाही... तरी तो आत फुगे. हळूच. जसा कोनी बाहेरून त्याले तोंड लावून उभा हाय. आन वास ये गुडाखूचा. बुढा सकाऊन-सांज तंबाखूचा गुडाखू दाताले घासे, त्याचाच वास. पन खाटेकडून नाही, दाराकडून. मंग परदा खाली बसे, आन इकडे बुढा 'घ्रर्र'...

पहिले दिवशी परदा फुगला आन लगेच बसला. आठ दिवसानं तो फुगलेलाच राहे. थोडा वेळ. जसं बाहेरचं आत पाहून विचार करून राहिलं.

भेव? मले? तू मले ओळखत नाही अखिन.

मे महिना लागला, तेंदूपत्त्याचे दिवस. सारं गाव पहाटेच जंगलात, आन दुपारी पत्त्याचे पुडे मोजून द्याले ठेकेदाराच्या फळीवर. गावात कुत्रं नव्हतं, तेही मालकासंग गेलं. उरली मी, बुढा, आन शेजारचा दुधराम. त्याची कंबर धरली होती, म्हनून तो आपल्या घरासमोरच्या सपरीत पडून होता. त्याची बायको देवकाबाई पन फळीवर.

बुढ्याले जेवू घालून कुशीवर निजवलं, आन मी बोरिंगवर एक गुंड पानी आनाले गेली. एवढंच काम. पाय भाजून राहिले होते, म्हनून वापस येतानी मी पळतच आली. पळता पळता ध्यानात आलं का घोरनं आयकू येत नाही.

माझं घर वीस पावलावर होतं. वीस पावलं मी मोजले. काही नाही आलं.

आत गेली तं बुढा उताना. बनियानचा खिसा फाटला होता आन कवठ खाटेखाली पडून होतं. मी गुंड ठेवला, त्याच्या छातीवर हात ठेवला. गरम होती, पन हालत नव्हती. अंगठा पेरावर आपोआप चालाले लागला. बारा झाले. चोवीस झाले. मी हालवलं त्याले. गुंडातलं पानी तोंडावर मारलं, त्याच्यासारखंच. वरडली. ओठ निळे होऊन राहिले होते... छत्तीस...

परद्याकडे पाह्यलं. परदा फुगला होता. चांगला टम्म. गुडाखूचा वास घरभर.

"ये न!" मी म्हनली. "ये लवकर!"

परदा खाली बसला. पन खाटेवर काहीच नाही झालं. आन वास कमी होत गेला... जसा कोनी उठून चालला.

मंग बाहेर दुधरामची खाट करकरली.

पावलं वाजले. कंबर धरलेला मानूस उठता उठता दहा खेपा 'माय वं' म्हनते. हा एकदाही नाही म्हनला. त्याच्या सपरीतून उतरला, माझ्या आंगनात आला, परदा बाजूले केला आन उंबरठ्यावर उभा राहिला. दुधरामच होता. लुंगी, करदोड्याचा काळा धागा कमरेले, सारं त्याचंच. पन डोळे मिटलेले. नीट मिटलेले, झोपेत राहतात तसे.

"दुधरामभाऊ," मी म्हनली, "पाह्य लवकर, हे कसे..."

"मास्तरीन," तो म्हनला.

समीक्षा, हे नाव तुले मालूम नाही. कोनालेच नाही. चवथी पास म्हनून बुढा मले चिडवाले मास्तरीन म्हने, ते पन घरात कोनी नसलं तवाच. पोरगा असला तरी नाही. आन आवाज... दुधरामचा गळा फाटका हाय. हा गळा फाटका नव्हता.

"मास्तरीन, मले घरात येऊ दे न... उन्हात हावो मी."

"मंग ये न! कोन अडवते?"

त्यानं हात उचलला आन खाटेकडे दाखवलं. डोळे मिटलेलेच.

"हा कोन निजला हाय माझ्या खाटेवर?"

मी बुढ्याच्या तोंडावरचं पानी पदरानं पुसलं.

"हे तोंड कोनाचं हाय? वाकडं... माझं नोहे. मी रोज येतो... जबरदस्तीनं शिरतो... आता नाही जमत, मास्तरीन. दुसऱ्याच्या घरात किती दिवस शिरू?"

तवा मले भेव नाही वाटलं. खरं सांगते. राग आला. सहा महिने झाले याचं गू-मूत काढून राहिली, घास भरवून राहिली, आन हा दारात उभा राहून म्हनते, तोंड माझं नोहे!

"तिथंच राह्य," मी म्हनली. "उंबरठा सोडायचा नाही. दुसरीकडे कुठं जायचं नाही. पाच मिनटं."

"बरं," म्हने. लेकरासारखा.

खाटेखालून पेटी ओढली. रंग वाळून खडक झाले होते, खोबरेल तेल टाकून मी बोटानंच कालवले. जिंदगीत कोनाचं तोंड सरळ रंगवलं नव्हतं मी, मिशाच काढल्या होत्या. पन तीस वर्षं त्याचा हात पाह्यला होता न! उजवं तोंड चांगलं होतं त्याचं, जसंच्या तसं. त्याले पाहून डावं काढाले बसली. भुवई खाली आली होती, ती पिवडी-सफेद्यानं दाबली आन वर नवीन काढली. गाल बसला होता, त्याच्यावर लाली चढवली. ओठाचा कोपरा लोंबत होता, तो मिटवला आन वर, उजव्याच्या बरोबरीनं, दुसरा ओढला. नाकापासची ती रेघ... हसून हसून पडलेली... ती दिली. डोळ्याच्या कोपऱ्यातल्या तीन सुरकुत्या दिल्या.

उजव्या गालावर बुढ्याले एक तीळ हाय. म्हनजे होता. जन्माचा, ज्वारीच्या दान्याएवढा. पाहून पाहून काढत होती, हात लागला होता, आन मी काजळाचं बोट डाव्या गालावरही टेकवलं. टेकवल्यावर समजलं, का अरे, तिथं तं तीळ नाही. घाईत झालं, का ती माझी जुनी खोड होती, मले अजून सांगता येत नाही. पुसाले वेळ नव्हता.

मागे वळली. तं तो उंबरठ्यावर नव्हता. माझ्या खांद्यामागेच उभा होता. आला कधी, पाऊल वाजलं नाही. तो वाकला. बुढ्याच्या तोंडावर तोंड नेलं, एवढ्या जवळ... आन वास घेतला. डोळे मिटलेलेच. एका गालावरून दुसऱ्या गालावर गेला. डाव्या गालावर आला आन थांबला.

मी श्वास धरून होती. घरात तिघं, आन श्वास कोनाचाच आयकू येत नाही.

"हं..." तो म्हनला. "हा मीच."

दुधराम जिथल्या तिथं खाली बसला, जसं बोरं भरलेलं पोतं. आन खाटेवर बुढ्यानं असा श्वास ओढला, का मले वाटलं कवेलू खाली येते.

एका पेरात ओठ लाल झाले. त्यानं डोळे उघडले, मले पाह्यलं. म्हने, "पानी."

दुधराम जमिनीवरून वरडला, "माय वं, माझी कंबर! बाई, मी तुमच्या घरात काऊन?"

"भाऊ," मी म्हनली, "आमच्या बुढ्याले रंगवून राहिली होती, तुम्हीच म्हनले पाहाले येतो." मानलं त्यानं. माझ्यावर कोन काय नाही मानत? देवकाबाई आली तं त्याले घेऊन गेली. जाता जाता ती म्हने, "बुढ्याचं तोंड कसं रंगवून ठेवलं पाह्य! या वयात पन खोड जात नाही बाई तुमची."

"नाही जात," मी म्हनली.

मंग मशीन आली. तिची बुराई नाही करनार मी. अश्विननं पाठवली, मास्क नाकावर, पट्टा डोक्यावर, हत्तीसारखं दिसते. पहिल्या राती बुढ्यानं दोनदा काढून फेकली, मी दोनदा बसवली. चार-सहा दिवसात सवय झाली. घोरनं गेलं, थांबनं गेलं, दिवसाची झोप गेली. आता चहा पेता पेता गोष्टी सांगते. परदा मी काढूनच टाकला. कोनाच्या घरी लकवा झाला आन मानूस दिवसभर झोपत असला, तं मी स्वतः जाऊन सांगते, पहिले डॉक्टरले दाखवा. भुताचं नाही सांगत. तुले सांगतलं.

झटका नाही आला अखिन. वाचवला मी त्याले.

एकच. त्या दिवशी सांजच्याले मी त्याचं तोंड धुतलं. तेलानं, मंग साबनानं. भुवई निघाली, लाली निघाली, ओठाचा कोपरा निघाला. तो तीळ नाही निघाला. घासलेटानं घासला, गाल लाल झाला, बुढा वरडला. राहू दे म्हनलं. काजळ मुरलं असन.

परवा त्याची दाढी करून देत होती मी, इथंच, उजेडात. पाह्यलं तं त्या डाव्या तिळाले केस फुटला होता. एक. पांढरा. मी हातानं ओढून पाह्यला, पक्का हाय. काजळाच्या ठिपक्याले केस कसा फुटते, सांग बरं, तू तं बारावी शिकली. बरं, ते जाऊ दे. उजव्या गालावर फेस राहिला होता, तो मी अंगठ्यानं पुसला.

अंगठा काळा झाला.

गाल साफ. तिथं काहीच नाही. जन्माचा तीळ, त्याच्या मायनं पाह्यलेला, लग्नात मी पाह्यलेला... माझ्या अंगठ्यावर, काजळासारखा. बुढा आरशात पाहून राहिला होता. डाव्या गालावर बोट ठेवून तो मले म्हने, "काय शोधते व तिथं? तीळ तं इकडं हाय माझा. पहिलेपासून."

आन हसला. दोन्हीकडून, बरोबरीनं.

अंगठा? हा पाह्य. टोराच्या तेलानं काळा झाला म्हनशील. म्हन. मी कुठं नाही म्हनते.

काठी वाजली न आत? उठला तो. चहा मागील आता. ते टोरं राहू दे तिथंच, हात पुस. माझ्या बुढ्याच्या तोंडाकडे पाहात बसू नको दारातून... जा आता घरी तू. जा.